सरळ रेषेचा चढ आणि इंटरसेप्ट: समीकरणातून, दोन बिंदूंवरून आणि आलेखावरून

सरळ रेषेच्या समीकरणातून दोन गोष्टी काढायच्या असतात. पहिली चढ, म्हणजे क्ष एकने वाढला की य कितीने बदलतो. दुसरी इंटरसेप्ट, म्हणजे क्ष शून्य असताना य किती असतो. रेषा य-अक्षाला जिथे छेदते, तिथला तो य-निर्देशक. समीकरण

य = मक्ष + क

या रूपात दिलेले असेल तर काढण्यासारखे काही उरतच नाही. म हा चढ आणि क हा इंटरसेप्ट, नुसते वाचायचे. पण परीक्षेत समीकरण सहसा असे तयार ताटात येत नाही. ते या रूपात आणावे लागते, आणि चुका होतात त्या तिथेच. (पुस्तकात एक्स, वाय, एम, सी छापलेले असते, इथे त्यांच्या जागी क्ष, य, म, क.)

आधी य एकटा करा

समजा समीकरण आहे

३क्ष + ४य = २४

घाईत बघणारा क्ष जवळचा ३ उचलतो आणि चढ ३ लिहून मोकळा होतो. ते उत्तर चूक आहे. य च्या पुढे ४ आहे, म्हणजे हे समीकरण ४य बद्दल बोलते. आपल्याला एका य बद्दल हवे आहे. म्हणून क्ष चे पद उजवीकडे न्या:

४य = −३क्ष + २४

आता दोन्ही बाजूंना ४ ने भागा. उजवीकडे दोन पदे आहेत, आणि दोन्ही भागली गेली पाहिजेत:

य = −(३/४)क्ष + ६

चढ −३/४, इंटरसेप्ट ६. इथली नेहमीची चूक म्हणजे क्ष चे पद भागायचे आणि २४ तसाच ठेवायचा. मग इंटरसेप्ट २४ येतो आणि रेषा कागदाच्या बाहेर निघून जाते.

य च्या आधी उणे चिन्ह असेल तर आणखी जपावे लागते:

५क्ष − २य = १०
−२य = −५क्ष + १०
य = (५/२)क्ष − ५

−२ ने भागताना उजवीकडच्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदलले. −५ चे +५/२ झाले, +१० चे −५ झाले. बरेच जण पहिले चिन्ह बदलतात आणि दुसरे विसरतात. कारण त्यांच्या मनात उणे चिन्ह दोन पदांच्या मधे बसलेले असते. खरे तर ते पुढच्या पदाचे असते आणि त्याच्याबरोबरच फिरते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत, म्हणजे खूण थेट त्या संख्येवरच असे. अज्ञात राशींना ते यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. खान्देशात गणित शिकणाऱ्याने ती जागा एकदा पाहून यावी. वहीत टिंब द्यायची गरज नाही, पण पक्षांतर करताना पद त्याच्या चिन्हासकट गोल करून घ्या आणि मगच हलवा.

अपूर्णांक असतील तर आधी ते घालवा. क्ष/३ − य/२ = ४ या समीकरणाला छेदांच्या ल.सा.वि.ने, म्हणजे ६ ने, गुणा:

२क्ष − ३य = २४

उजवीकडच्या ४ लाही ६ ने गुणले, हे पाहा. पुढे −३य = −२क्ष + २४, म्हणून य = (२/३)क्ष − ८.

कंस असेल तर आधी कंस सोडवा. य − ३ = २(क्ष + ५) यात इंटरसेप्ट ३ नाही आणि ५ सुद्धा नाही. य − ३ = २क्ष + १०, म्हणून य = २क्ष + १३; इंटरसेप्ट १३. चढ मात्र कंस न सोडवताही दिसतो, तो २.

पाठ केलेले सूत्र कुठे फसवते

सर्व पदे एका बाजूला घेऊन समीकरण शून्याबरोबर लिहिले असेल तर एक जवळचा रस्ता आहे. चढ म्हणजे क्ष चा सहगुणक भागिले य चा सहगुणक, आणि आलेल्या उत्तराचे चिन्ह उलटे. इंटरसेप्ट म्हणजे स्थिरपद भागिले य चा सहगुणक, पुन्हा चिन्ह उलटे.

७क्ष + ३य − १२ = ०

चढ −७/३. इंटरसेप्टसाठी −१२ ला ३ ने भागले की −४, चिन्ह उलटे केले की ४. पण हेच समीकरण ७क्ष + ३य = १२ असे लिहिलेले असेल तर स्थिरपद आधीच उजवीकडे गेलेले आहे, तेव्हा इंटरसेप्टचे चिन्ह उलटायचे नाही: १२/३ = ४. रेषा एकच, उत्तर एकच, सूत्र मात्र दोन. बहुपर्यायी प्रश्नात ४ आणि −४ हे दोन्ही पर्याय समोर ठेवलेले असतात आणि घाईत नको तोच निवडला जातो. म्हणून सूत्रावर भिस्त ठेवण्यापेक्षा य एकटा करण्याची सवय बरी. वेळ अर्धा मिनिट जास्त जातो, पण समीकरण कसेही लिहिलेले असले तरी रीत बदलत नाही.

पडताळा घ्यायला दोन किमती पुरतात. मूळ समीकरणात, सोडवलेल्या नव्हे, क्ष = ० ठेवा; य म्हणून इंटरसेप्टच मिळाला पाहिजे. मग चढाच्या छेदाइतका क्ष घ्या, म्हणजे अपूर्णांक येत नाही. ५क्ष − २य = १० मध्ये क्ष = २ ठेवला की १० − २य = १०, म्हणून य = ०. आपल्या रूपातही (५/२) × २ − ५ = ०. जुळले.

दोन बिंदू दिले असतील तर

(−३, ४) आणि (५, −२) या बिंदूंतून जाणारी रेषा घ्या. चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक.

य चा फरक: −२ − ४ = −६
क्ष चा फरक: ५ − (−३) = ८
चढ = −६/८ = −३/४

कोणता बिंदू पहिला धरायचा हे तुमच्यावर आहे, पण वर जो पहिला तोच खालीही पहिला. वर दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा, तर चढाचे चिन्ह उलटे येते आणि आकडा बरोबर असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. ५ − (−३) चे २ करणे ही दुसरी चूक. ऋण निर्देशक असेल तर तो कंसात लिहायचाच, मनातल्या मनात सोडवायचा नाही. क्ष चा फरक वर आणि य चा खाली ठेवणारेही असतात. त्यांच्यासाठी एकच खूण: रेषा किती उठली किंवा उतरली ते अंशात, आडवी किती गेली ते छेदात.

आता इंटरसेप्ट. चढ आणि कोणताही एक बिंदू य = मक्ष + क मध्ये ठेवा. (−३, ४) घेतला तर:

४ = −(३/४) × (−३) + क
४ = ९/४ + क
क = ७/४

दुसरा बिंदू पडताळ्यासाठी राखून ठेवा. क्ष = ५ ला −१५/४ + ७/४ = −८/४ = −२. बरोबर.

आकड्यांमागे काय आहे

शाब्दिक उदाहरण आले की समीकरण नीट सोडवणारी मुलेही अडखळतात. चढाला एकक असते, ही गोष्ट त्यांना कोणी ठासून सांगितलेली नसते. य चे एकक भागिले क्ष चे एकक, हे चढाचे एकक. इंटरसेप्टचे एकक य चेच.

रावेरकडून केळीचे घड वाहणारा टेम्पो घ्या. समजा २० किलोमीटरला भाडे १,१०० रुपये पडले आणि ४५ किलोमीटरला १,८५०. अंतर क्ष, भाडे य.

चढ = (१,८५० − १,१००) / (४५ − २०) = ७५० / २५ = ३० रुपये दर किलोमीटर
क = १,१०० − ३० × २० = ५०० रुपये

५०० म्हणजे टेम्पो जागचा हलला नाही तरी लागणारी ठरावीक रक्कम. १,१०० भागिले २० करून ५५ रुपये किलोमीटर असा दर काढला तर तो चुकीचा ठरतो, कारण त्यात ते ५०० मिसळलेले आहेत. एका बिंदूवरून चढ काढता येतो तो फक्त रेषा आरंभबिंदूतून जात असेल तेव्हा. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघते असे धरले तर कापूस शून्य असताना रुईही शून्य. तिथे रुई = ०.३४ × कापूस, आणि एका नोंदीवरून चढ काढणे योग्य.

ऋण चढासाठी शेततळे. तळ्यात १२,००,००० लिटर पाणी आहे आणि मोटर तासाला ३०,००० लिटर उपसते. तास क्ष, उरलेले पाणी य:

य = −३०,०००क्ष + १२,००,०००

इंटरसेप्ट म्हणजे मोटर सुरू करतानाचा साठा. चढ ऋण, कारण पाणी कमी होत आहे. य शून्य कधी होतो? १२,००,००० भागिले ३०,००० म्हणजे ४० तासांनी. हा ४० रेषा क्ष-अक्षाला छेदते तिथला आकडा आहे. नुसते ‘इंटरसेप्ट’ म्हटले की बहुतेक वेळा य-अक्षावरचा अपेक्षित असतो. क्ष-अक्षावरचा हवा असेल तर प्रश्नात तसे लिहिलेले असते. क्ष-अक्षावरचा काढताना य = ० ठेवतात आणि य-अक्षावरचा काढताना क्ष = ०. हे उलटसुलट करणारे फार आहेत, कारण नाव ज्या अक्षाचे तोच शून्य ठेवावासा वाटतो. क्ष/४ + य/६ = १ अशा रूपात दोन्ही इंटरसेप्ट उघड दिसतात, क्ष-अक्षावर ४ आणि य-अक्षावर ६. चढ मात्र −६/४, म्हणजे −३/२.

आडव्या अक्षावर काय घेतले, यावर उत्तर अवलंबून असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. फॅरनहाइटमध्ये तो ११३. संबंध असा:

फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२

चढ १.८, इंटरसेप्ट ३२. आता फॅरनहाइट आडव्या अक्षावर घेऊन सेल्सिअस काढायचे ठरवले तर चढ ५/९ होतो, म्हणजे १.८ चा व्यस्त. इंटरसेप्ट मात्र ३२ चा व्यस्तही होत नाही आणि −३२ ही होत नाही. तो −१६०/९, सुमारे −१७.८ येतो. म्हणून अक्ष बदलले की दोन्ही आकडे नव्याने काढा.

शून्य आणि ‘नाही’ यांत फरक आहे

य = −३ ही आडवी रेषा. क्ष काहीही असो, य बदलत नाही, म्हणून चढ ०; इंटरसेप्ट −३. क्ष = ४ ही उभी रेषा. तिच्यावर क्ष चा फरक शून्य, आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा चढ ठरवताच येत नाही. तिथे ० लिहिणे चूक आहे. ती य-अक्षाला कुठेच छेदत नाही, त्यामुळे य-इंटरसेप्टही नाही. आणि य = २क्ष या रेषेला इंटरसेप्ट आहे, तो ०. ‘इंटरसेप्ट नाही’ असे तिच्याबद्दल लिहू नका.

दोन रेषांचे चढ सारखे आणि इंटरसेप्ट वेगळे असतील तर रेषा समांतर. चढांचा गुणाकार −१ आला तर परस्परांना लंब.

चढ म्हणजे कोनाचे माप नव्हे

दहावीच्या निर्देशक भूमितीत चढ म्हणजे टॅन थीटा असे येते. थीटा हा रेषेने क्ष-अक्षाच्या धन दिशेशी केलेला कोन. ४५ अंशाला चढ १. म्हणजे शंभर टक्के चढ ४५ अंशाचा, ९० अंशाचा नव्हे. मुंबईहून नाशिकमार्गे जळगाव-भुसावळला येणारी गाडी कसारा घाट चढते. तिथला चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर, म्हणजे १/३७, सुमारे ०.०२७. कोन काढला तर जेमतेम दीड अंश. डोळ्याला जवळपास सपाट वाटणाऱ्या एवढ्या चढासाठी गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. छोटा चढ दिसला म्हणून उत्तर चुकले असे समजू नका.

आलेखावरून काढताना

कागदावर कोनमापक ठेवून चढ काढायचा मोह होतो. तो उपयोगाचा नाही, कारण दोन्ही अक्षांचे प्रमाण सहसा वेगळे असते. क्ष-अक्षावर १ सेमी = २ आणि य-अक्षावर १ सेमी = १० असेल, तर रेषा कागदावर ४५ अंशात दिसली तरी तिचा चढ १०/२, म्हणजे ५. चौकोन मोजून भागाकार केला तर १ येईल आणि उत्तर पाचपट चुकेल. चौकोन मोजायचे नसतात, अक्षावरच्या किमती वाचायच्या असतात.

प्रात्यक्षिकात रेषा काढून झाली की चढासाठी रेषेवरचे दोन बिंदू घ्या, निरीक्षण तक्त्यातले नव्हे. तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीत थोडी चूक असते. रेषा त्या सगळ्या नोंदींचा मध्य साधून काढलेली असते. तक्त्यातल्या दोनच नोंदी उचलल्या तर रेषा काढण्याची मेहनत वाया गेली. बिंदू एकमेकांपासून जितके दूर घेता येतील तितके घ्या, निदान रेषेच्या अर्ध्या लांबीइतके. आलेख कागदावर वाचण्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक धरली, तर १ सेमीच्या त्रिकोणात ती ५ टक्के होते आणि १० सेमीच्या त्रिकोणात अर्धा टक्का. जाळीच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, नेमक्या तिथून आपली रेषा जात असेल तर ते बिंदू सगळ्यात सोयीचे.

स्प्रिंगचा प्रयोग घ्या. आडव्या अक्षावर भार ग्रॅममध्ये, उभ्यावर स्प्रिंगची लांबी सेमीमध्ये. समजा रेषेवर (५०, १४.५) आणि (२५०, २०.५) हे बिंदू मिळाले.

चढ = ६ / २०० = ०.०३ सेमी दर ग्रॅम
क = १४.५ − ०.०३ × ५० = १३ सेमी

१३ सेमी ही भार नसतानाची स्प्रिंगची लांबी. आता भाराचा अक्ष ० ऐवजी ५० पासून सुरू केलेला असेल तर रेषा डाव्या कडेला १४.५ वर छेदेल, आणि तोच इंटरसेप्ट म्हणून लिहिला जाईल. डावी कड म्हणजे क्ष = ० असे प्रत्येक वेळी नसते. अक्ष तुटक असेल किंवा शून्यापासून सुरू नसेल, तर इंटरसेप्ट वाचायचा नाही, वर केला तसा गणिताने काढायचा.

प्रात्यक्षिकात इंटरसेप्ट शून्य यायला हवा आणि येत नाही, असेही होते. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात (आडव्या अक्षावर विद्युतधारा, उभ्यावर विभवांतर) रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. ती सगळी एकसारखी वर किंवा खाली सरकलेली दिसली तर बहुधा मीटरचा काटा आधीपासून शून्यावर नव्हता. रेषा ओढून-ताणून आरंभबिंदूतून नेऊ नका. इंटरसेप्ट आला तो लिहा आणि शून्यांश दोष तपासा. दोष सगळ्या नोंदींत सारखाच असेल तर चढाला, म्हणजे रोधाला, धक्का लागत नाही.

संगणकावर काढायचे असेल तर एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट या नावांचीच दोन फंक्शन्स आहेत. दोन्हींत आधी य च्या किमतींची रेंज द्यावी लागते आणि नंतर क्ष च्या. आपल्याला क्ष आधी लिहायची सवय असल्याने क्रम उलटा दिला जातो, आणि संगणक काही तक्रार करत नाही. तो उलट्या अक्षांची रेषा काढून देतो. वरच्या स्प्रिंगला असे केले तर चढ ०.०३ ऐवजी ३३.३ येईल आणि इंटरसेप्ट १३ ऐवजी उणे ४३३. स्प्रिंगची लांबी ऋण दिसली की आधी रेंजचा क्रम तपासा.